सुईआधी कॅलेंडर : पहिली नोकरी, टॅटू आणि पिअर्सिंग

गेली अकरा वर्षं मी नोकरीसाठी माणसं निवडायचं काम करते. टेबलापलीकडची मुलगी बोलता बोलता बाही खाली ओढते, मुलगा केस कानावर आणतो, हे इतक्या वेळा पाहिलंय की आता ते दिसलं की पोटात कालवतं. त्या क्षणी त्यांचं लक्ष प्रश्नात नसतं, मनगटात असतं. उत्तम तयारी करून आलेली माणसं तिथे अडखळतात. माझ्या डाव्या मनगटावरही टॅटू आहे आणि ती बाही मीसुद्धा ओढलेली आहे, म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांना पहिली नोकरी लागायची आहे किंवा नुकतीच लागली आहे, आणि अंगावर टॅटू किंवा पिअर्सिंग आहे किंवा करून घ्यायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. टॅटू चांगला की वाईट, या वादात मी शिरणार नाही. साहेबांच्या मनात काय आहे ते तुम्हाला बदलता येईल असं नाही. पण सुई कुठे टोचायची आणि कधी टोचायची, हे पूर्णपणे तुमच्या हातात असतं. मी पाहिलेला बहुतेक मनस्ताप या दोन प्रश्नांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे झालेला आहे.

पहिली पायरी : हरकत कशाची आहे ते ओळखा

‘इथे चालत नाही’ या तीन शब्दांमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे पसंती. ग्राहकाला काय वाटेल, संस्थेची प्रतिमा कशी दिसेल, वरिष्ठांना काय रुचतं. दुसरी म्हणजे सुरक्षितता आणि स्वच्छता. पसंतीच्या नियमावर बोलणी होऊ शकतात, काळानुसार तो बदलतोही. सुरक्षिततेच्या नियमावर वाद घालू नका.

फिरत्या यंत्राजवळ काम असेल तर लोंबती रिंग अडकून कान किंवा भुवई फाटू शकते. स्वयंपाकघरात सैल झालेला स्टड अन्नात पडू शकतो. रुग्णालयात हातावरचे दागिने नकोत, कारण त्यांच्याखाली हात नीट धुतला जात नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तर कोपरापासून खाली हात उघडे ठेवायचा नियम आहे. आता यातला पेच पाहा. हात स्वच्छ राहावेत म्हणून केलेल्या या नियमामुळे तिथल्या परिचारिकेला हातावरचा टॅटू बाहीखाली झाकता येत नाही. म्हणजे काही कामांत ‘लांब बाही घालीन’ हा मार्गच बंद असतो. एमआरआय यंत्राच्या खोलीत काम असेल तर धातूचं काहीही अंगावर नको, हे वेगळं सांगायला नकोच.

म्हणून आधी कामाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. कोणाच्या समोर उभं राहायचं आहे? हात कुठे जाणार आहेत? डोक्यावर हेल्मेट, तोंडावर मास्क, कानांवर हेडफोन असणार आहे का? ताज्या टोचलेल्या कानावर आठ तास हेडफोन दाबून बसणं किती दुखतं, हे कोणी आधी सांगत नाही.

दुसरी पायरी : नियम लेखी मागा

ऐकीव माहितीवर जाऊ नका. ‘माझ्या मित्राच्या कंपनीत सगळं चालतं’ याचा तुमच्या कंपनीशी काहीही संबंध नसतो, आणि नियम तर दर काही वर्षांनी बदलत असतात. स्टारबक्सने २०१४ मध्ये कर्मचाऱ्यांचे दिसणारे टॅटू मान्य केले, पण चेहरा आणि गळा सोडून. नाकात लहान स्टड चालेल असंही म्हटलं. एअर न्यूझीलंडने १ सप्टेंबर २०१९ पासून गणवेशातल्या कर्मचाऱ्यांच्या दिसणाऱ्या टॅटूंवरची बंदी उठवली. त्यामागे तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या ‘ता मोको’ या गोंदणाचा मोठा प्रश्न होता. आपल्या वंशाची ओळख अंगावर वागवणाऱ्या माणसाला ती झाकायला सांगणं तिथल्या लोकांना पटेनासं झालं होतं. डिस्नेच्या अमेरिकेतल्या उद्यानांनी एप्रिल २०२१ मध्ये दार उघडलं, व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीने २०२२ मध्ये, तेही सुरुवातीला मान आणि चेहरा वगळून.

सैन्यदलांचे नियम तर इंचात मोजलेले असतात. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये प्रत्येक हातावर एक इंचापर्यंतचा एक आणि मानेच्या मागे दोन इंचांपर्यंतचा एक टॅटू मान्य केला. भारतीय लष्कराच्या भरतीत कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला कायमचा टॅटू चालतो. इतरत्र असेल तर अडचण येते. आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणाला मात्र तिथे वेगळी सवलत आहे. गणवेशाची नोकरी मनात असेल तर त्या भरतीची जाहिरात आणि वैद्यकीय निकष स्वतः वाचल्याशिवाय स्टुडिओची पायरी चढू नका. तीन वर्षं धावण्याचा सराव केलेला मुलगा खांद्यावरच्या चित्रापायी वैद्यकीय तपासणीत बाद होतो, तेव्हा त्याची समजूत कशी घालायची हे मला आजवर उमगलेलं नाही.

कधी विचारायचं? पहिल्या इंटरव्ह्यूत स्वतःहून विषय काढायची गरज नाही. ऑफर हातात आली की, आणि जॉइनिंगच्या आधी, एचआरला ईमेल करा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ लिहा : ‘माझ्या उजव्या हाताच्या पुढच्या भागावर साधारण दहा सेंटिमीटरचा टॅटू आहे. या कामासाठी तो झाकणं आवश्यक आहे का? असल्यास कोणत्या प्रसंगी?’ शेवटचा प्रश्न मुद्दाम घालायचा. पुष्कळ ठिकाणी एरवी चालतं, फक्त ग्राहकांसोबतच्या बैठकीत झाका म्हणतात. उत्तर तोंडी आलं तर ‘आपलं असं बोलणं झालं’ एवढं तरी त्याच ईमेलखाली लिहून ठेवा. वरिष्ठ बदलले की तोंडी परवानगी त्यांच्याबरोबर निघून जाते.

तिसरी पायरी : कॅलेंडर उघडा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण मी स्वतः इथेच चुकले.

पहिल्या नोकरीवर रुजू व्हायच्या तीन आठवडे आधी मी कानाच्या वरच्या कडेला, हेलिक्सला, टोचून घेतलं. ‘नको म्हणाले तर काढून ठेवीन’ असं मनात होतं. पहिल्याच दिवशी काढायला सांगितलं. काढलं, संध्याकाळी परत घालायला गेले तर कातडी आवळलेली. जोर केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात कान सुजून लाल झाला, पू आला, आणि शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून भोक सोडून द्यावं लागलं. कंपनीचा नियम लेखी होता. विचारलं असतं तर कळला असता.

टोचलेली जागा ही जखम असते आणि ती भरायला आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. कानाची पाळी साधारण सहा ते आठ आठवडे. नाकपुडी चार ते सहा महिने. कानाची कूर्चा, म्हणजे वरचा कडक भाग, सहा महिने ते वर्ष. बेंबीही तशीच हट्टी. जीभ मात्र चार ते सहा आठवड्यांत भरते, पण पहिले काही दिवस बोलणं जड होतं. फोनवर बोलायचं किंवा शिकवायचं काम असेल तर हे आधी धरून चाला. जिभेतल्या दागिन्याच्या दांड्याने दात आणि हिरड्या झिजतात, ते वेगळंच.

या काळात दागिना काढता येत नाही, हे मनावर कोरून ठेवा. ताजं भोक काही तासांत आवळतं. जुनं झाल्यावरही नाकाचा भरवसा नसतो. म्हणून हिशेब असा करायचा : इंटरव्ह्यू किंवा जॉइनिंगच्या दिवशी दागिना काढावा लागेल अशी शक्यता असेल, तर त्या दिवसापासून मागे मोजा. नाकासाठी सहा महिने मिळत नसतील तर आत्ता टोचू नका. नोकरी लागू दे, नियम कळू दे, मग मोठ्या सुट्टीच्या सुरुवातीला करा.

सेप्टमची, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याची गोष्ट निराळी आहे. तिथे घोड्याच्या नालासारखी रिंग घातली तर ती वर वळवून नाकात लपवता येते आणि समोरच्याला पत्ता लागत नाही. दिसणंही हवं आणि न दिसणंही, अशा माणसाला मी तीच जागा सुचवते. फक्त जागा भरेपर्यंत ती रोज वरखाली करायची नाही.

पहिला दागिना कसला घालताय याकडेही बघा. इम्प्लांट दर्जाचं, म्हणजे शस्त्रक्रियेत शरीरात बसवण्याजोगं, टायटॅनियम मागा. स्वस्त दागिन्यांतल्या निकेलची ॲलर्जी पुष्कळांना असते. युरोपीय संघाने तर १९९४ मध्येच त्यावर नियम केला आणि आज टोचलेल्या जागेत बसणाऱ्या दागिन्यातून निकेल किती सुटावं यावर तिथे कडक मर्यादा आहे. सूज येणार म्हणून सुरुवातीला दांडा लांब घालतात. सूज उतरली की टोचणाऱ्याकडे परत जाऊन तो आखूड करून घ्या. लांब दांडा कॉलरमध्ये, ओळखपत्राच्या दोरीत अडकतो आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते.

टॅटूला एवढा वेळ लागत नाही. वरची कातडी दोन ते तीन आठवड्यांत भरते. पण त्या दिवसांत खपली धरते, खाज सुटते, कपडा चिकटतो, आणि त्यावर मेकअप अजिबात लावायचा नसतो. म्हणजे जॉइनिंगच्या आधीच्या आठवड्यात काढलेला टॅटू झाकायचा कसा हा प्रश्न पडतोच. निदान चार आठवडे मध्ये सोडा.

चौथी पायरी : जागा आणि चित्र

शर्ट घालून आरशासमोर उभे राहा. हात वर करा, फळ्यावर लिहिल्यासारखं करा, हस्तांदोलनासाठी पुढे करा, खाली वाका. बाही किती वर सरकते, गळा किती उघडा पडतो, पाठीवरचा शर्ट किती वर येतो, ते पाहा आणि पेनाने खूण करा. त्या खुणेच्या आतला भाग तुमचा खासगी आहे. खांदा, दंड, पाठ, बरगड्या, मांडी यांवर काय आहे हे ऑफिसात कोणाला कळायचं कारण नाही. पांढऱ्या पातळ शर्टातून गडद काळा रंग दिसतो, हेही उजेडात तपासून घ्या.

हाताचा पंजा, मान आणि चेहरा या तीन जागा पहिली नोकरी स्थिर होईपर्यंत सोडाच. वर दिलेले नियम पुन्हा वाचा : दार उघडलेल्या संस्थांनीसुद्धा चेहरा, मान, गळा बऱ्याचदा बाहेरच ठेवले. चांगले टॅटू कलाकारही अंगावर एकही टॅटू नसलेल्या विशीतल्या मुलाला बोटांवर काढून द्यायला कां कू करतात. तसा कोणी भेटला तर तो तुमच्या भल्याचं सांगतोय. बोटांवरची शाई लवकर पुसट होते आणि पसरते, हे त्यात आणखी.

चित्राचं म्हणाल तर, आकारापेक्षा अर्थ जास्त अडवतो. मी वाचलेल्या जवळपास प्रत्येक नियमावलीत एक ओळ सापडते : द्वेष पसरवणारं, अश्लील, हिंसेचं समर्थन करणारं चित्र कुठेही चालणार नाही, मग ते कितीही लहान असो. अक्षरं काढून घेणार असाल तर ती लिपी रोज वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. चुकीच्या ऱ्हस्वदीर्घासह जन्मभर हिंडणं म्हणजे खरोखर हात दाखवून अवलक्षण.

पाचवी पायरी : झाकायचं असेल तर

पूर्ण भरलेल्या टॅटूवर मेकअप बसतो, पण नुसतं फाउंडेशन लावलं तर निळसर काळा डाग वर येतो. आधी नारिंगी किंवा पीच रंगाचा करेक्टर थोपटून लावा, मग कातडीच्या रंगाचं दाट कॉन्सिलर, मग पावडर. प्रत्येक थर वाळू द्या. घासू नका. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी एकदा पूर्ण करून, शर्ट घालून चार तास घरात वावरा. कफवर रंग उतरतो का ते कळेल. उकाड्यात हा उपाय टिकत नाही. तिथे कातडीच्या रंगाची पातळ स्लीव्ह बरी. पिअर्सिंगसाठी काचेचे किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचे रिटेनर मिळतात. ते जागा भरल्यावर वापरायचे. भोक टिकतं आणि दोन हातांवरून दिसतही नाही.

घरून काम असेल तर कॅमेऱ्याच्या चौकटीत काय येतं तेवढंच पाहावं लागतं.

सहावी पायरी : माणसं

आता ज्याची भीती सगळ्यात जास्त असते ते. लोक काय म्हणतील?

चित्र पूर्वीपेक्षा खूप बदललं आहे. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांच्या अंगावर टॅटू असल्याचं आढळलं. मायामी विद्यापीठातल्या संशोधकांच्या सहभागाने २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन हजारांहून अधिक अमेरिकनांची माहिती तपासली, तेव्हा टॅटू असणाऱ्यांचं नोकरी मिळण्यात किंवा पगारात नुकसान होत असल्याचं दिसलं नाही. पण हे एका देशाचं झालं. जपानमध्ये १८७२ ते १९४८ टॅटूवर बंदीच होती, आणि २०१२ मध्ये ओसाकाचे महापौर तोरू हाशिमोतो यांनी महापालिकेच्या हजारो कर्मचाऱ्यांना अंगावर टॅटू आहे का असं लेखी विचारलं होतं. शंभराहून अधिक जणांनी हो लिहिलं. कामाशी संबंध नसताना असं विचारणं मला अजूनही खुपतं.

ऑफिसात पहिल्या महिन्यात प्रश्न येतील. ‘दुखलं का?’, ‘याचा अर्थ काय?’, ‘म्हातारपणी कसं दिसेल?’ बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात कुतूहलच असतं. एक छोटं, खरं उत्तर तयार ठेवा आणि लगेच कामाच्या विषयावर या. सगळा अर्थ उलगडून सांगायला तुम्ही बांधील नाही. ‘तो माझ्यासाठी आहे’ एवढंही पुरतं. वयाने मोठ्या सहकाऱ्याने नापसंती दाखवली तर तिथे जिंकायला जाऊ नका. तीन महिने वेळेवर आणि नेटकं काम करा. मी असे कितीतरी ‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं’ म्हणणारे पुढे त्याच मुलांना महत्त्वाच्या बैठकीला घेऊन जाताना पाहिले आहेत.

मात्र कोणी न विचारता हात धरून बाही वर केली, नाकातल्या रिंगला बोट लावलं, तर तिथल्या तिथे ‘हात लावू नका’ म्हणा. आवाज चढवायची गरज नाही, पण हसून सोडूही नका. पुन्हा झालं तर एचआरला लिहून कळवा. चित्र दिसतं म्हणून शरीर सार्वजनिक होत नाही.

आणि तुम्ही स्वतः दुसऱ्याच्या अंगावरची खूण पाहाल तेव्हा थोडं थांबा. प्रत्येक टॅटू हौसेचा नसतो. कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यांच्या अंगावर यंत्र नेमकं लावता यावं म्हणून शाईचे ठिपके गोंदतात. स्तन काढल्यानंतर, भाजल्यानंतर, शस्त्रक्रियेच्या व्रणावर लोक टॅटू काढून घेतात. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या अंगावर ६१ खुणा आहेत. पुष्कळशा खुणा झिजलेल्या सांध्यांजवळ आणि कंबरेवर असल्यामुळे त्या दुखण्यावरचा इलाज असाव्यात असं अभ्यासकांना वाटतं. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंच्या मनगटावरच्या बारीक फुलाबद्दल मी एकदा सहज विचारलं होतं. त्याखाली काय होतं ते कळल्यापासून मी आधी विचारत नाही.

सातवी पायरी : ‘काढून टाका’ म्हटलं तर

आधी नेमकं काय म्हटलंय ते पाहा. झाका म्हणालेत की काढा? सगळ्यांना सांगितलंय की तुम्हालाच? पुरुषांच्या कानातल्या स्टडला नकार आणि बायकांच्या कानातल्याला होकार, असा नियम असेल तर तो कशासाठी आहे हे शांतपणे, लेखी विचारायला हरकत नाही.

कायद्याचा आधार किती मिळेल याबद्दल मोठ्या आशा ठेवू नका. बहुतेक ठिकाणी हौसेच्या टॅटूला वेगळं संरक्षण नाही. ब्रिटनमध्ये गंभीर विद्रूपतेला समानतेच्या कायद्याचं संरक्षण मिळतं, पण २०१० च्या तिथल्या नियमांनी टॅटू आणि शोभेचं पिअर्सिंग त्यातून स्पष्टपणे वगळलं. धर्माचा आधार घेतला तरी निकाल दोन्हीकडे जातात. अमेरिकेत कॉस्टको या दुकानाच्या एका कर्मचारी महिलेने चेहऱ्यावरचं पिअर्सिंग हा आपल्या धर्माचा भाग असल्याचं सांगितलं होतं. दुकानाने रिटेनर घाला किंवा पट्टी लावा असा मधला मार्ग सुचवला, तिने नाकारला, आणि २००४ मध्ये अपील न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी रेड रॉबिन या रेस्टॉरंट साखळीने मनगटावरचा धार्मिक टॅटू झाकायला नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याशी दीड लाख डॉलर देऊन तडजोड केली. वकिलाकडे जायच्या आधी मधला मार्ग आपणच सुचवून पाहा. तो कागदावर असला की पुढेही उपयोगी पडतो.

नोकरीसाठी टॅटू कायमचा काढायचा विचार करत असाल तर घाईने निर्णय घेऊ नका. लेझरच्या बैठका एकदम उरकत नाहीत. दोन बैठकांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि बैठका बऱ्याच लागतात, म्हणजे वर्ष सहज जातं. काळी शाई त्यातल्या त्यात चांगली निघते. हिरवा, फिकट निळा आणि पिवळा रंग चिवट असतात. सावळ्या कातडीवर डाग पडण्याचा धोका जास्त, म्हणून हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच करा आणि आधी कोपऱ्यात लहानशी चाचणी करून घ्या. पूर्ण पुसायचा नसेल तर दोन-तीन बैठकांत फिकट करून त्यावर नवीन चित्र काढता येतं. काढायला लागणारा हा वेळही त्याच कॅलेंडरात मांडा, आणि नव्या नोकरीची तारीख त्यापुढे टाकता येते का ते एचआरला विचारा. विचारल्यावर बऱ्याचदा ‘तोपर्यंत बाही घाला’ एवढंच उत्तर येतं.